जुन्या जर्मन गाड्यांचं रिस्टोरेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टुटगार्टजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मी बॉडीचं, म्हणजे पत्र्याचं काम करतो. घरचे, मित्र, मित्रांचे मित्र, कधी कोल्हापूरचा एखादा गॅरेजवाला, कधी दुबईत स्थायिक झालेले एखादे काका, सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात. फोनवर उत्तरं अर्धवट राहतात, म्हणून ती इथे सविस्तर लिहिली आहेत. उदाहरणं मर्सिडीजच्या 'पॅगोडा' या जुन्या दोन आसनी गाडीची जास्त येतील, कारण माझा हात तिच्यावर सगळ्यात जास्त फिरलेला आहे.

रिस्टोरेशन म्हणजे जुनी गाडी नवीकोरी करणं ना?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे आणि त्यापायी चांगल्या गाड्यांचं नुकसान होतं.

आपल्याकडच्या जुन्या दगडी देवळांवर भाविकांनी हौसेनं ऑइलपेंट फासला, गाभाऱ्यात चकचकीत फरशा बसवल्या. भावना चांगलीच होती, पण मूळ दगड झाकला गेला. पंढरपूरला २०२४ साली विठ्ठल मंदिरात हे नंतरचे थर काढून जुनं दगडी रूप परत आणलं, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की आत काय होतं. गाडीचा जीर्णोद्धार याच विचारानं करायचा असतो. जे मूळ आहे आणि टिकलेलं आहे, त्याला हात लावायचा नाही. जे मूळ आहे पण आजारी आहे, ते दुरुस्त करायचं. जे उरलेलंच नाही, तेवढंच नव्यानं घडवायचं, आणि कुठे काय नवीन घातलं याची लेखी नोंद ठेवायची.

जुन्या वाहनांची जागतिक संघटना 'फिवा' हिनं 'ट्युरिन सनद' नावाचा दस्तऐवज केला आहे, त्याचाही गाभा हाच आहे. आमच्याकडे गाडी आली की पहिले काही दिवस आम्ही काहीच काढत नाही. फक्त बघतो, फोटो घेतो, मोजतो आणि लिहून ठेवतो.

जर्मनीत कोणत्या गाडीला 'ओल्डटायमर' म्हणतात?

पहिल्या नोंदणीला किमान ३० वर्षं झालेल्या, मूळ स्वरूप जपलेल्या आणि चांगल्या अवस्थेतल्या गाडीला. अशा गाडीच्या नंबर प्लेटवर शेवटी 'एच' हे अक्षर येतं. ही पद्धत १९९७ पासून आहे. नुसतं वय भरून भागत नाही. अधिकृत तज्ज्ञ गाडी तपासतो आणि ती जपण्यालायक आहे असं लेखी देतो, तेव्हाच 'एच' मिळतो. मग कारचा वार्षिक कर इंजिन कितीही मोठं असलं तरी सरसकट १९१ युरो ७३ सेंट, आणि शहरांतल्या प्रदूषण-निर्बंधाच्या भागात फिरायलाही मुभा.

तपासणीत एक बारीक मुद्दा असतो. गाडीत केलेले बदल तिच्या काळाला धरून असावे लागतात. १९६८ च्या गाडीवर त्या काळातली अॅक्सेसरी चालते, आजचे रुंद अलॉय व्हील चालत नाहीत.

गाडी विकत घेण्याआधी काय बघायचं?

रंग बघू नका. रंग शेवटी बघा.

पॅगोडाचंच घ्या. मर्सिडीजची डब्ल्यू ११३ ही दोन आसनी गाडी मार्च १९६३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात २३० एसएल म्हणून आली, नंतर २५० एसएल आणि २८० एसएल निघाल्या, १९७१ ला उत्पादन थांबलं. एकूण ४८,९१२ गाड्या बनल्या. हार्डटॉपचं, म्हणजे काढता येणाऱ्या कडक टपाचं, छत मध्ये किंचित खोलगट आणि कडांना उंच, म्हणून लोकांनी तिला पॅगोडा म्हणायला सुरुवात केली.

या गाडीजवळ जाताना खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा. बॉनेट, डिकी, दाराचा बाहेरचा पत्रा आणि कापडी टपावरचं झाकण अॅल्युमिनियमचं आहे, तिथे ते चिकटणारच नाही. तिथे चिकटलं, तर कुणीतरी लोखंडी पत्रा बसवलाय असं समजा. बाकी बॉडी पोलादी आहे. तिथे चुंबक ढिलं पडत असेल, तर रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे. एका गाडीच्या मागच्या चाकावर मी असा थर काढला. तो माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा जाड निघाला आणि त्याखाली पत्राच नव्हता, वर्तमानपत्राचा बोळा होता. गाडीचा रंग मात्र आरशासारखा होता, आणि मालकानं पैसे त्या रंगाकडे बघून मोजले होते.

मग खाली झोपा. दोन्ही दारांखालचे सिल, जॅक लावायच्या जागा, फ्लोअर आणि पुढचे चॅसीचे दांडे बघा. पॅगोडाला वेगळी चॅसी नाही, सगळा भार बॉडीवरच आहे. सिल कुजला की दार उघडल्यावर गाडी मधोमध किंचित खचते आणि दार परत नीट लागत नाही. दार बंद होताना आवाज कसा येतो हे ऐकत राहा. मला तरी त्यातून बरंच कळतं.

त्यानंतर बॉनेट उघडून मडगार्डाच्या आतल्या कडा न्याहाळा. कारखान्यात स्पॉट वेल्डिंगनं पत्रे जोडले, त्याचे छोटे गोल खळगे ओळीनं दिसतात. ते दिसत असतील तर मडगार्ड बहुधा मूळचं आहे. कड गुळगुळीत असेल किंवा वेल्डिंगचा सलग शिवण-टाका दिसत असेल, तर गाडीला पुढून कधीतरी मार लागलेला आहे. हल्ली आम्ही नवीन मडगार्ड बसवलं तरी तसेच खळगे, तेवढ्याच अंतरावर, त्याच प्रकारच्या मशीननं पाडतो. मात्र ते कामाच्या फाइलीत लिहितो.

शेवटी आकडे. चॅसी नंबरची सुरुवात ११३०४२ असेल तर ती २३० एसएल, ११३०४३ असेल तर २५०, आणि ११३०४४ असेल तर २८०. बॉनेट, हार्डटॉप अशा सुट्या भागांवर बॉडी नंबरचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात, ते जुळतात का पाहा. मर्सिडीजकडे प्रत्येक गाडीचं डेटा कार्ड असतं, म्हणजे इंजिन नंबर, रंगाचा आणि आतल्या कापड-चामड्याचा कोड, मूळ जादा सोयी. ती गाडीची जन्मपत्रिकाच. हे कार्ड हातात आल्याशिवाय सौदा करू नका.

खर्च किती येतो?

आकडा सांगण्यापेक्षा हिशोब कसा होतो ते सांगतो. खर्चाचा मोठा भाग माणसाच्या हाताच्या तासांचा असतो. पूर्ण रिस्टोरेशन हजार तासांच्या आत झालेलं मी पाहिलेलं नाही. समजा १,२०० तास लागले आणि दर तासाला ११० युरो असला, तर १,३२,००० युरो झाले. त्यावर जर्मनीतला १९ टक्के कर धरला की १,५७,०८० युरो. यात अजून सुटे भाग, क्रोम, इंजिनचं मशीनिंग आणि चामडं धरलेलं नाही.

म्हणून मी प्रत्येकाला एकच सांगतो, स्वस्तातली कुजलेली गाडी घेऊन ती सुधारण्यापेक्षा जास्त पैसे मोजून धडधाकट गाडी घ्या. आणि जे वर्कशॉप बॉडीचा रंग उतरवण्याआधीच पक्की रक्कम लिहून देतं, त्याला आधी विचारा की आत काय आहे हे तुम्हाला कसं कळलं?

एवढा वेळ कशात जातो?

सगळ्यात जास्त वेळ पत्र्यात जातो, म्हणजे माझ्या खात्यात. म्हणून याचं उत्तर जरा लांब देतो.

गाडी सुटी करायला काही आठवडे लागतात. प्रत्येक नट-बोल्ट पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, आणि काढण्याआधी फोटो. कुठला वॉशर कुठे होता हे दीड वर्षानंतर कुणालाही आठवत नाही. गंजलेला, फेकण्यालायक भागही गाडी पूर्ण होईपर्यंत फेकायचा नाही, कारण नवा भाग बनवायला तोच नमुना असतो.

मग रंग आणि गंज उतरवायचा. एक मार्ग म्हणजे बारीक कणांचा मारा, दुसरा म्हणजे संपूर्ण बॉडी रसायनाच्या टाकीत बुडवणं. माऱ्याचा जोर चुकला की मोठा सपाट पत्रा तापून लहरतो आणि तो परत सरळ करणं फार अवघड असतं. टाकीचा धोका वेगळा. दुहेरी पत्र्याच्या पोकळीत रसायन राहिलं तर वर्ष-दोन वर्षांनी नव्या रंगातून ते फोडासारखं बाहेर येतं. माझ्या सुरुवातीच्या काळात एका सिलची पोकळी मी पुरेशी धुतली नव्हती. गाडी रंगून गेली, आणि परत आली तेव्हा दाराखाली तांबूस ओघळ होता. तो सिल मी पुन्हा कापला. तेव्हापासून प्रत्येक पोकळीत कॅमेऱ्याची नळी घालून बघतो आणि मगच पुढे सरकतो.

उघडी बॉडी मापाच्या जिगवर, म्हणजे ती जखडून धरणाऱ्या पोलादी सांगाड्यावर, घट्ट बसवतात, म्हणजे कुजका भाग कापला तरी ती वाकत नाही. एका बाजूचा सिल पूर्ण बसल्याशिवाय दुसऱ्या बाजूचा कापायचा नाही. पत्रा तेवढ्याच जाडीचा आणि जोड शक्यतो कारखान्यात होता तिथेच.

यानंतरच्या कामाला जर्मन भाषेत 'फेअरत्सिनेन' म्हणतात. मराठीत त्याला आपला शब्द आहे, कल्हई. जोडाची जागा घासून चकाकवायची, फ्लक्स (कथील नीट धरावं म्हणून लावायचं रसायन) लावून कथलाचा पातळ हात फिरवायचा, मग शिसं-कथलाची कांडी मऊ करून ती लाकडी पट्टीनं लोण्यासारखी पसरायची. पट्टी चिकटू नये म्हणून तिला चरबी किंवा मेण लावतात. गावी कल्हईवाला पातेल्यात नवसागर टाकून कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवायचा, तो धूर आणि ती क्षणात येणारी चांदीसारखी झळाळी ज्यानं पाहिली आहे, त्याला हे काम बघताक्षणी ओळखीचं वाटेल. ज्योत जरा जास्त झाली की सगळं वितळून खाली, कमी झाली की ढेकळं. पुट्टी ओलावा धरून ठेवू शकते आणि काही वर्षांनी तिची कड दिसू लागते. कल्हई पत्र्याशी एकजीव होते. त्या काळात कारखान्यातही छताचे आणि मडगार्डांचे जोड असेच झाकले जायचे.

आणि मग फटी. दार आणि मडगार्ड, बॉनेट आणि मडगार्ड यांच्यातली फट चार-पाच मिलिमीटरची, वरपासून खालपर्यंत सारखी हवी. यासाठी रंगाच्या आधी सगळी गाडी एकदा जोडून बघतात, रबर लावून, चाकांवर उभी करून. बॉडी स्टँडवर असताना फट वेगळी दिसते, चाकांवर वजन आलं की वेगळी. या एका कामात माझे शंभरेक तास सहज जातात, आणि ते गेल्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही.

म्हणजे पुट्टी अजिबात वापरायची नाही?

वापरतात. कागदाएवढा पातळ थर, पत्रा नीट झाल्यानंतर. पत्र्याच्या जागी पुट्टी भरायची नाही.

पूर्ण कुजलेली गाडी वाचते का?

वाचते, पण ती वाचवण्याइतकी महत्त्वाची आहे का हे आधी ठरवावं लागतं. यासाठी पोर्शच्या '९०१ क्रमांक ५७'ची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

१९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पोर्शनं नवी गाडी दाखवली, तिचं नाव ९०१. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्युजो या फ्रेंच कंपनीनं हक्क सांगितला आणि पोर्शला नाव बदलून ९११ करावं लागलं. तोवर ९०१ म्हणून ८२ गाड्या बनल्या होत्या. पोर्शच्या स्वतःच्या संग्रहालयाकडेही त्यातली एकही नव्हती. २०१४ साली एका टीव्ही कार्यक्रमाच्या लोकांना एका जुन्या कोठारात दोन ९११ सापडल्या. संग्रहालयानं नंबर तपासले तर एकीचा चॅसी नंबर ३०० ०५७, म्हणजे अस्सल ९०१. अवस्था अशी की पुढची मडगार्डं गायब आणि खालचा पत्रा गंजानं खाल्लेला. तरीही संग्रहालयानं त्रयस्थ तज्ज्ञानं ठरवलेली किंमत देऊन ती घेतली.

काम तीन वर्षं चाललं, त्यातले बारा महिने एकट्या बॉडीचे. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. गेलेल्या पत्र्याच्या जागी त्यांनी आजचा पत्रा ठोकून बसवला नाही, तर त्याच काळातल्या दुसऱ्या बॉडीचे मूळ भाग मिळवले. इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, आतली सजावट यांतही जे वाचवता येईल ते वाचवलं, अगदी तुकडे असले तरी. डिसेंबर २०१७ मध्ये ती लाल रंगात संग्रहालयात उभी राहिली.

साधारण ९११ ची अशी अवस्था असती, तर तिचे भाग इतर गाड्यांना कामाला आले असते, आणि तेही योग्यच ठरलं असतं. पोर्शनं १९७६ च्या मॉडेलपासून ९११ ची बॉडी गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे गंजू नये म्हणून जस्ताचा थर दिलेल्या, पत्र्याची केली. त्याआधीच्या ९११ म्हणूनच आमच्या हाती जास्त येतात.

मूळ इंजिन नसेल तर गाडीला किंमत उरत नाही का?

'मॅचिंग नंबर', म्हणजे कारखान्यातून निघालेलंच इंजिन त्याच गाडीत असणं, यानं किंमत वाढते हे खरं. पण इतिहासाचं वजनही असतं. एल्व्हिस प्रेस्लीची बीएमडब्ल्यू ५०७ हे त्याचं उदाहरण.

५०७ ही अल्ब्रेख्त ग्राफ फॉन गोर्ट्झ यांनी रेखाटलेली, अॅल्युमिनियम बॉडीची, ३.२ लिटर व्ही-८ इंजिनाची गाडी. जेमतेम अडीचशेच्या वर बनल्या. एल्व्हिस लष्करी सेवेसाठी जर्मनीत असताना १९५८ साली त्यानं एक घेतली. पांढऱ्या गाडीवर मुली लिपस्टिकनं संदेश लिहून जायच्या, म्हणून त्यानं ती लाल रंगवून घेतली असं सांगतात. पुढे गाडी अमेरिकेत गेली, तिच्यात अमेरिकी इंजिन बसलं, आणि शेवटी ती कॅलिफोर्नियातल्या एका गोदामात पडून राहिली. १९६८ मध्ये ज्या गृहस्थांनी ती घेतली होती, त्यांना स्वतःच ती पूर्ववत करायची इच्छा होती. अखेर त्यांनी ती म्युनिकला बीएमडब्ल्यूच्या क्लासिक विभागाकडे सोपवली.

काम सुमारे दोन वर्षं चाललं. मूळ इंजिन नव्हतंच, म्हणून सुट्या भागांतून व्ही-८ नव्यानं उभं केलं. दाराची हँडलं आणि काच खाली-वर करायचे दांडे थ्री-डी प्रिंटिंगनं बनवले. जुन्या फोटोंवरून आतलं चामडं शिवलं आणि रंग परत पांढरा. ऑगस्ट २०१६ मध्ये पेबल बीचच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. ते गृहस्थ मात्र २०१४ च्या अखेरीसच गेले, पूर्ण झालेली गाडी त्यांना बघायला मिळाली नाही. गाडी सोपवायला उशीर करू नका असं मी लोकांना सांगतो, ते यामुळेच.

इंजेक्शन पंप आमच्याकडच्या चांगल्या मेकॅनिककडून उघडून घेऊ का?

पॅगोडाचा असेल तर कृपा करून नको. हा पंप इंजिनाला पेट्रोल मोजून देतो. बॉश कंपनीच्या या पंपात प्रत्येक सिलिंडरला एक असे सहा प्लंजर, म्हणजे पेट्रोल ढकलणारे दट्टे, असतात. आत एक शंकूसारखा, त्रिमितीत घडवलेला कॅम असतो. इंजिनाचा वेग वाढला की तो एका दिशेनं सरकतो, अॅक्सिलरेटर दाबला की दुसऱ्या दिशेनं फिरतो, आणि त्या उंच-सखल पृष्ठभागावरून पेट्रोलचं माप ठरतं. आजच्या गाडीत जे काम कॉम्प्युटर करतो, ते १९६३ साली एका घडीव पोलादी तुकड्यानं केलं. मला हा भाग हातात घेतला की अजूनही नमस्कार करावासा वाटतो.

पंप जुळवायला टेस्ट बेंच, म्हणजे पंप गाडीबाहेर चालवून मोजायचं यंत्र, लागतं. स्क्रू अंदाजानं फिरवले की गाडी धूर ओकते किंवा तापते, आणि मग मूळ सेटिंग कुठे होतं तेही हरवतं. आधी साध्या गोष्टी बघा: स्पार्क प्लग, टायमिंग, व्हॉल्व्हचं अंतर, पेट्रोलचा दाब, अॅक्सिलरेटरच्या दांड्यांची लांबी. पंपाकडे बोट दाखवलेल्या अनेक गाड्या आमच्याकडे एवढ्यावरच बऱ्या झाल्या आहेत.

सुटे भाग मिळतात का?

जर्मन गाड्यांच्या बाबतीत नशीब चांगलं आहे. मर्सिडीजचं क्लासिक सेंटर स्टुटगार्टला लागून फेलबाखमध्ये १९९३ पासून आहे, पोर्श आणि बीएमडब्ल्यूचेही असे विभाग आहेत आणि ते जुन्या गाड्यांचे भाग परत बनवतात. फार थोडे लागणारे भाग आता प्रिंटही होतात. पोर्श ९५९ च्या क्लचचा लीव्हर असाच बनतो, मर्सिडीज ३०० एसएलच्या आतल्या आरशाची बैठकही.

याशिवाय मानहाइमला 'व्हेटेरामा' नावाचा सुट्या भागांचा बाजार भरतो. चोर बाजारात हिंडायची सवय असलेल्या मुंबईकराला तिथे करमेल, फक्त पहाटे पोहोचा आणि हवा तो जुना भाग नमुन्याला सोबत न्या. बाहेरच्या नकली भागांत बरे-वाईट दोन्ही असतात. रबराच्या बाबतीत माझं मत ठाम आहे, दाराचं रबर कंपनीचंच घ्या. नकली रबर जाड निघालं की फटींवर घातलेले शंभर तास वाया जातात.

मला गाडी लाल हवी आहे, मूळ रंग सिल्व्हर-ग्रे आहे. काय करू?

गाडी तुमची आहे, निर्णय तुमचा. माझा आग्रह विचाराल तर मूळ रंगच ठेवा. मर्सिडीजच्या रंगाला 'डीबी' कोड असतो. डीबी १८० म्हणजे तोच सिल्व्हर-ग्रे, आणि पॅगोडाच्या उतरत्या रेषा त्यात जशा दिसतात तशा लालमध्ये दिसत नाहीत. कोड असला तरी रंग नमुना पट्टी बनवून उन्हात बघूनच ठरवायचा. डॅशबोर्डच्या मागे किंवा सीटच्या खाली जिथे ऊन पोचलेलं नाही, तिथे मूळ रंगाचा एखादा हातभर तुकडा सापडतो, त्याच्याशी जुळवायचं.

क्रोम?

आधी तांबं, मग निकल, मग क्रोम. चकाकी क्रोमची नसते, खालच्या तांब्याच्या पॉलिशची असते. तो थर घाईत केला की दोन पावसाळ्यांत बंपर ठिपके देतो.

सीटच्या आत काय असतं?

कोकणातल्या माणसाला हे ऐकून बरं वाटेल: काथ्या. त्या काळच्या जर्मन गाड्यांच्या सीटमध्ये स्प्रिंगांवर रबर लावलेल्या नारळाच्या काथ्याची गादी असायची, काहींत प्राण्यांचे केस. काथ्या हवा खेळती ठेवतो आणि वर्षानुवर्षं आकार धरतो. आज कुणी स्वस्तात फोम भरून देतं. बसल्याबरोबर कळतं, माणूस दोन बोटं उंच बसतो आणि वळणावर सरकतो. आमचे सॅटलर, म्हणजे चामड्याचं काम करणारे कारागीर, शक्य असेल तर जुनाच काथ्या झटकून, दबलेल्या जागी भर घालून परत बसवतात. चामड्याला भेगा असतील तरी शिवण शाबूत असेल तर मी ते बदलू देत नाही.

हे काम घरी करताना काय धोका आहे?

खरा धोका आहे, आणि तो हलक्यात घेऊ नका. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये, क्लच प्लेटमध्ये आणि काही गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असतं. जर्मनीत त्यावर १९९३ साली बंदी आली, त्याआधीच्या गाडीत ते आहेच असं धरून चाला. ब्रेक ड्रमला हवेचा फवारा कधीही मारू नका, ओल्या कापडानं पुसा आणि योग्य मास्क लावा. जुन्या रंगात आणि कल्हईत शिसं असतं, त्यामुळे ती ग्राइंडरनं उडवायची नाही, कानशीनं घासायची. जेवणाआधी हात धुवायचे आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकायचे नाहीत. लहान मुलं गॅरेजमध्ये खेळत असतील, तर त्या दिवशी काम बंद.

महाराष्ट्रात माझ्याकडे जुनी जर्मन गाडी आहे. तिचं काय?

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कामांना काढता येते.

मला मात्र जास्त काळजी वाटते ती डब्ल्यू १२४ ची. मर्सिडीजनं भारतात टाटांच्या टेल्को कंपनीसोबत पिंपरीत जोडलेली पहिली गाडी हीच, १९९५ सालची. जर्मनीत त्या वयाच्या गाड्यांना 'एच' मिळू लागला आहे. आपल्याकडे त्या धड नव्या नाहीत, धड व्हिंटेज नाहीत, म्हणून भंगारात जातात. तुमच्याकडे असेल तर विकू नका. तिच्या इंजिनाच्या वायरिंगकडे आधी बघा. त्या काळच्या अनेक मर्सिडीजमध्ये वायरीवरचं आवरण उष्णतेनं ठिसूळ होऊन पापडासारखं तुटतं. लोक इंजिनात दोष शोधत बसतात आणि दोष त्या वायरीत असतो.

दुसरं, पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, पेट्रोल आलंय. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खराब करतं. इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारच्या घाला, आगीचा प्रश्न आहे. आणि कोकणात किंवा मुंबईत गाडी असेल, तर प्लास्टिकचं कव्हर अजिबात घालू नका, आत वाफ धरते. सुती कव्हर, खाली हवा खेळती, आणि दारांच्या तळाची पाणी जायची भोकं दर पावसाळ्याआधी तारेनं मोकळी करा.

हे काम शिकायचं असेल तर?

जर्मनीत बॉडीचं किंवा मेकॅनिकचं शिक्षण साडेतीन वर्षांचं, रंगकाम आणि चामड्याचं तीन वर्षांचं. आठवड्याचा काही वेळ शाळा, बाकी वर्कशॉपमध्ये पगारी शिकाऊ. त्यानंतर मास्टरची परीक्षा, आणि त्याहीपुढे कारागीर-रिस्टोरर अशी वेगळी पदवी आहे. जर्मन भाषा आधी नीट शिका. आयटीआय झालेल्या मुलांचे हात इथे कमी पडत नाहीत, भाषा कमी पडते. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं याच बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगारांसाठी करार केला आहे, तेव्हा सरकारी मार्गही तपासा.

गुंतवणूक म्हणून घेऊ का?

नको. मे २०२२ मध्ये मर्सिडीजची ३०० एसएलआर उहलेनहाउट कूपे १३ कोटी ५० लाख युरोंना गेली, ती बातमी वाचून अनेकजण हा प्रश्न विचारतात. तशा दोनच गाड्या बनल्या होत्या. तुमच्या-माझ्या आवाक्यातल्या गाडीवर केलेला खर्च विक्रीतून बहुतेक वेळा परत येत नाही. चालवायची आवड असेल तरच या वाटेला या.

गाडी तयार झाली. आता?

पहिले हजार किलोमीटर शांतपणे. सलग एकाच वेगात नको, वेग बदलत राहा आणि इंजिन गरम झाल्याशिवाय जोर देऊ नका. पाचशे किलोमीटरच्या आसपास ऑइल आणि फिल्टर बदला. काढलेलं ऑइल पांढऱ्या डब्यात ओतून उन्हात बघा, धातूची चमक दिसते का. व्हॉल्व्हचं अंतर परत मोजून घ्या. चाकांचे, सस्पेन्शनचे बोल्ट टॉर्क रेंचनं तपासा. रबर बसलं की दारं किंचित सैल होतात, तेव्हा एकदा वर्कशॉपमध्ये आणा. मी बिजागऱ्यांना अर्ध्या मिलिमीटरचा हात देतो, दार लावून आवाज ऐकतो, आणि मग गाडी तुमच्या घरी जाते.